करंजाखालची माती

माघ सरत आला होता. ऊन अजून मवाळ होतं, पण त्याच्या कडेला फाल्गुनाची धार लागत चालली होती. पांगारा निष्पर्ण, आणि निष्पर्ण फांद्यांवर रक्तवर्ण फुलांचे नुसते निखारे. आकाश धुऊन, पिळून, झटकून वाळत घातल्यासारखं शुभ्रनीळ. आणि त्या आकाशाखाली, उद्यानाच्या मधोमध, मातीच्या दोन उभ्या कड्यांच्या तळाशी ओढा निपचित पडून होता.

वाहत होता म्हणावं तर जीभ अडखळते. थांबला होता म्हणावं तर तेही खोटं. एक कृश, क्लांत, काळवंडलेली रेघ. पिशव्या-चिंध्यांतून वाट काढणारी, मध्येच उन्हाचा एखादा कण उचलणारी, आणि नकोसा झाल्यासारखा लगेच टाकून देणारी.

एके काळी हा ओढा उताराउतारानं माणसांपर्यंत यायचा. म्हशी सरळ पाण्यात उतरायच्या. परीट आळीतल्या बाया डोक्यावर धुण्याची गाठोडी घेऊन, मान न वाकवता, पाण्यापर्यंत चालत जायच्या. मग गावाचं शहर झालं. शहरानं आपल्या रस्त्यांचं, गच्च्यांचं, गटारांचं सगळं पाणी ह्याच्या अंगावर ओतलं, आणि ओढा खाली, खाली, आणखी खाली खचत गेला. आता काठ दोन पुरुष उंच तुटलेला. मुळं उघडी, माती उघडी, मातीच्या पोटातले थरसुद्धा उघडे: काळा, तांबूस, पांढुरका, पुन्हा काळा. पोट फाडून टाके घालायचे राहून गेले असावेत, तसा.

त्या तुटल्या काठावर, जुन्या करंजाच्या बुंध्याला पाठ लावून, निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत सुंद्राबाई राऊत बसली होती. बसली होती म्हणजे ठाण मांडून बसली होती. वय एकाहत्तर, अंगकाठी कडक, लुगड्याची इस्त्री त्याहून कडक. नाकात चमकी नव्हती, पण त्या नाकाला चमकीची गरजही नव्हती. ते मुळातच वर होतं. अख्खी परीट आळी तिला आक्का म्हणे, आणि आक्का म्हणताना आवाज खाली करी.

तीन दिवस ती अशीच बसत होती. सकाळी दव असतानाच यायची, सावल्या लांबल्या की जायची. दुपारी सून मंगल डबा आणून द्यायची आणि काही न विचारता परत जायची. समोर पिवळं जेसीबी आपला लोखंडी हात पोटाशी घेऊन तीन दिवस उभं होतं. त्याच्या दातांवर दव पडायचं, वाळायचं, पुन्हा पडायचं.

ओढा पुन्हा ओढ्यासारखा करायला आलेली बाई शलाका. तिशीतली, डोक्यावर टोपी, बुटांना घोट्यापर्यंत चिखल. रोज येऊन खुर्चीपुढे उकिडवी बसायची. रागवायची नाही, हेच सुंद्राबाईला जड जात होतं. रागावणाऱ्या माणसाला कसं हाकलायचं ते तिला पाठ होतं.

"आजी, झाड तोडणार नाही. शब्द देते. पण झाडापुढची माती उतरवावी लागेल. काठ तिरका केला की त्यावर वाळा लावू, निर्गुडी लावू. त्यांची मुळं माती धरतील."

"माती मी धरलीय. पन्नास वर्षं. मुळांना कशाला त्रास?"

शलाका हसली. मग खाली, काठाच्या पायथ्याशी रचलेल्या राडारोड्याकडे बोट केलं. फरशा, विटा, सिमेंटचे गठ्ठे, मोडक्या मोऱ्या, ढिगावर ढीग. "हे आधी काढायचं. कुणी टाकलं देव जाणे. इथं पाण्याला अंग टाकायला जागा नाही, म्हणून ते उसळून पलीकडे जातं आणि पलीकडचा काठ खातं. बघा ना, तिकडची वाट गेली, बाकं गेली. कुंपणामागच्या त्या घराची खोलीसुद्धा गेली."

सुंद्राबाईनं बघितलं नाही. ते घर तिला न बघताही दिसत होतं.

"उतरवलेली माती जाते कुठं?" तिनं विचारलं.

"बाह्यवळण रस्त्याच्या भरावाला."

"हं," सुंद्राबाई म्हणाली. आणि त्या एका हुंकारात पन्नास श्रावण, पन्नास भाद्रपद, पन्नास कोरडे, अबोल, अश्रुहीन वैशाख एकावर एक रचलेले होते. पण हुंकार ऐकून ते कुणाला कळावेत?

करंजाखालच्या त्या मातीत तिची लेक होती.

पहिली. श्रावणात झाली, आणि बारशाच्या आदल्या दिवशी गेली. अकरा दिवसांची. नाव ठेवायचं राहिलं, पाळण्याची दोरी विणायची राहिली, डोळ्यांचा रंग नीट बघायचा राहिला. दात न आलेलं लेकरू अग्नीला देत नाहीत, मातीला देतात. आणि माती द्यायला आईनं जायचं नसतं. आई बाळंतिणीच्या खोलीत, अंधारात, शेगडीच्या धगीपाशी. बाहेर नवरा सोनबा आणि धाकटा दीर भिकाजी. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात एक मूठभर मौन बांधून ते पावसात गेले, आणि तासाभरानं भिजून परत आले. "कुठं?" तिनं भिंतीपलीकडून विचारलं. "करंजाखाली," सोनबा म्हणाला.

एवढंच. त्या विषयावर घरात तेवढाच एक शब्द बोलला गेला. पुढे दोन मुलगे झाले, त्यांची लग्नं झाली, नातवंडं झाली. शब्द तेवढाच राहिला.

ती सवा महिन्यानं धुणं घेऊन ओढ्यावर उतरली, ती रोज उतरली. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती दगडावर धोतरं आपटायची, आणि दर आपटण्याला मान वर करून करंजाकडे बघायची. पांढऱ्या कापडावर पाणी, पाण्यावर ऊन, उन्हापलीकडे करंज. रडू आलं नाही. कधीतरी येईल म्हणून तिनं वाट बघितली. मग वाट बघायचंही विसरली. आत एक जागा होती, तिथं काही लागत नव्हतं, काही दुखत नव्हतं, काही उगवत नव्हतं.

मग ओढा करंजाकडे सरकायला लागला.

दर पावसाळ्यात हातभर. कुठल्या वर्षी दीड हात. ती काठावर उभी राहून ओढ्याला शिव्या घालायची, अशा की ऐकणाऱ्यानं कानात बोटं घालावी. शिव्यांनी भागेना, तेव्हा तिनं दुसरी तजवीज केली. आसपास कुणाचं घर पाडलं, कुणाची न्हाणी फोडली, की टेम्पोवाल्याला आक्काचा निरोप जायचा: राडा इकडं टाका, करंजाच्या पायथ्याला. वीस-बावीस वर्षं टेम्पो येत राहिले. लोकांच्या मोडलेल्या घरांनी तिनं आपल्या लेकीला भिंत घातली.

आता ती भिंत जाणार, माती जाणार, आणि मातीतली ती रस्त्याच्या भरावात जाणार. वरून ट्रक जाणार.

यंत्र कायम अडवता येणार नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. खुर्ची घेऊन ती बसली होती ती निव्वळ दिवस काढायला. मनात एकच: यंत्राच्या आधी आपण ओंजळभर माती काढून घ्यावी. ओंजळभर, परसात तुळशीपाशी ठेवण्यापुरती. पण ओंजळ कुठली? करंजाच्या अलीकडची की पलीकडची, बुंध्याशी की काठाशी? सोनबा जाऊन एकोणीस वर्षं झाली. ज्याला ठाऊक होतं असा जगात एकच माणूस उरला होता, आणि तो पलीकडच्या काठावर, कुंपणामागच्या त्या घरात राहत होता.

भिकाजीशी ती एकोणीस वर्षं बोलली नव्हती. सोनबाच्या दहाव्याला तो उशिरा पोचला. पिंडाला कावळा शिवून गेलेला. सगळ्या भावकीसमोर सुंद्राबाई म्हणाली, "या भावजी. कावळा तुमच्या आधी येऊन गेला." भिकाजी आल्या पावली वळला. त्या वाक्याचा तिला पुढे कधी पश्चात्ताप झाला नाही. वाक्य चांगलं होतं. चांगल्या वाक्याचा पश्चात्ताप करायची तिची रीत नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं खुर्ची सोडली. पदर खोचला. पुलावरून वळसा घालून, ओढ्याच्या पलीकडे गेली.

उन्हानं पिवळं पडलेलं गवत, वाटेवर करंजाची गळलेली ताम्रवर्ण पानं, पाण्याकाठी शेपूट हलवत हिंडणारा एकुलता परीट पक्षी. हे सगळं तिच्या डोळ्यांवरून गेलं, डोळ्यांत उतरलं नाही. पाय मात्र मोजून पडत होते, लग्नाच्या वरातीत नवरीचे पडावेत तसे, आपले नसल्यासारखे.

ओसरीवर कोळशाच्या इस्त्रीखाली भिकाजी कुणाचा तरी शुभ्र सदरा सपाट करत होता. तिची सावली सदऱ्यावर पडली.

"कोण?"

"डोळे गेले का?"

"एक गेला, एक आहे." त्यानं मान वर केली नाही. "बसा वहिनी. शंभर पावलं यायला एकोणीस वर्षं लागली."

"तुमचं घर माझ्या खिडकीतून दिसतं. म्हणून तर पडदा लावलाय."

"ठाऊक आहे. आधी हिरवा होता. दिवाळीपासून निळा आहे."

सुंद्राबाई बसली. ओसरीमागे माजघर, माजघरामागे दार, आणि दारामागे काहीच नव्हतं. उंबरा होता, चौकट होती, चौकटीला आडवे बांधलेले दोन बांबू होते, आणि बांबूंच्या पलीकडे एकदम आकाश. इथं कपड्यांची खोली होती. भिंतभर फडताळं, फडताळांत गावाचे कपडे. ओढ्यानं ती दोन पावसाळ्यांत नेली होती.

ती फार वेळ त्या आकाशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भावजी, तिला कुठं ठेवली? करंजाच्या अलीकडं की पलीकडं? यंत्र माती उचलणार आहे. मला त्याआधी थोडी काढून घ्यायचीय."

भिकाजीनं इस्त्री उभी केली. कोळसे आतल्या आत कुजबुजले. सदऱ्याच्या एका बाहीवर सुरकुती तशीच राहिली होती, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्यानं ती तशीच राहू दिली.

"चार दिवसांची झड होती," तो म्हणाला. "आम्ही करंजापाशीच गेलो. खणलं, तर पाणी भरलं. वर सरकून खणलं. तिथंही भरलं. तिसरा खड्डा खणवेना."

"मग?"

"दादा म्हणाला, पाण्यातच ठेवायची, तर ओढ्याला देऊ. निदान वाहतं आहे."

ओसरीवर ऊन होतं. उन्हात धुळीचे सुवर्णकण तरंगत होते, वर जात होते, खाली येत होते, कुणाचंच काही ऐकलं नसल्यासारखे.

"दादानं स्वतःच्या हातानं दिली. ओढा भरून चालला होता. मी छत्री धरली होती. कशाला धरली होती कोण जाणे, तिला आता पावसाचं काय. घराकडं येताना दादा म्हणाला, तुझ्या वहिनीला पाणी सांगू नको. जन्मभर ओढ्यावर धुणं धुवायचंय तिला. तिला झाड सांग."

सुंद्राबाईच्या आत काही तुटायला हवं होतं. तिनं कान लावून ऐकलं. काही तुटलं नाही. दूर कुठंतरी, जाड भिंतीपलीकडे, कुणी काहीतरी खाली ठेवल्यासारखा एक मंद, मऊ, अस्पष्ट आवाज झाला, बस्स. आणि पुन्हा शांत. मन म्हणजे पावसाळ्यानंतरचं तळघर: ओल आहे, हवा नाही, उजेड नाही, पण पाणीही नाही.

गुडघाभर पाण्यात उभी राहून ती करंजाकडे बघत आली होती. पाण्यात उभी राहून. एवढंच तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं, अर्थ न होता, नुसत्या शब्दांसारखं.

ती म्हणाली, "तो राडा मी टाकला."

"टेम्पो इथून दिसायचे की."

"तुमची खोली त्यानं गेली. ती पोरगी म्हणते, पाणी उसळून इकडं येतं."

"पोरगी शिकलेली आहे. मला न शिकता कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत? एवढी वर्षं?"

भिकाजीनं सदऱ्यावरची सुरकुती अंगठ्यानं दाबली. "काय बोलू? तिथं काही नाही म्हणू? दादानं तुम्हाला एक जागा दिली होती. ती मी कशी घेऊ." मग त्या आकाशउघड्या चौकटीकडे बघून, काहीच विशेष नसल्यासारखं: "खोलीचं काय, खोली होती."

तो उठला, चाचपडत आत गेला, आणि दोन कपांत चहा घेऊन आला. सुंद्राबाईनं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. कप खाली ठेवला.

"पाणचट झालाय. आलं घालत जा," ती म्हणाली, आणि उठली.

दुसऱ्या दिवशी करंजाखाली खुर्ची नव्हती.

सुंद्राबाई होती, पण उभी, बाजूला, सगळ्यांसारखी. शलाका जवळ आली. तिच्या हातात नकाशाची गुंडाळी होती आणि चेहऱ्यावर एक संकोच. "आजी, इथं काही आहे का? असेल तर सांगा. आपण हातानं, जपून काढू. यंत्र नको लावायला."

आळी थबकून ऐकत होती. सुंद्राबाईनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"इथं काही नाही," ती म्हणाली. "काढा."

यंत्रानं हात उचलला. आधी भिंत निघाली. गुलाबाच्या नक्षीच्या फरशा, अर्धं तुटलेलं बेसिन, कुणाच्या देवघराचा निळा तुकडा, कुणाच्या उंबऱ्याचा पिवळा. वीस-बावीस वर्षांची घरं एका सकाळीत ट्रकमध्ये गेली. मग माती. काळी, तांबूस, पांढुरकी, पुन्हा काळी. प्रत्येक घासाबरोबर काठ एक पाऊल मागे सरायचा, एक पाऊल झुकायचा, हट्ट सोडून हळूहळू बसणाऱ्या माणसासारखा. सुंद्राबाईनं प्रत्येक घास पाहिला. सवयच होती ती. पन्नास वर्षांची राखण एका रात्रीत डोळ्यांतून जात नाही. मातीत माती होती. दुसरं काही नव्हतं.

तिला हलकं वाटलं नाही. जडही वाटलं नाही. हात कुठं ठेवावेत ते मात्र दिवसभर कळेना. खुर्चीला दोन्ही बाजूंना दांडे होते, ते आता नव्हते.

फाल्गुन गेला. वरचं सांडपाणी नळांतून दुसरीकडे वळवलं. ओढ्याला जुन्या वळणासारखं वळण दिलं, तळाशी दगडांच्या बसक्या पायऱ्या घातल्या. उतारावर काथ्याच्या जाळ्या अंथरल्या, बांबूच्या खुंट्यांनी शिवल्या, आणि त्या जाळीच्या घराघरातून आळीतल्या बाया वाळ्याचे ठोंब खोचू लागल्या. सुंद्राबाई वर उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"काय गं, वाळा लावतेस की कुंकू? चार बोटं खोल घाल. वरवर टेकवलेलं पहिल्या लोटात जाईल."

"आक्का, मग तुम्हीच या की खाली," एक जण हसून म्हणाली.

"येईन. तुमचं आटोपू दे. गर्दीत मला जमत नाही."

चैत्रात करंजाला पालवी फुटली. कोवळी, चकाकती, पोपटी, इतकी पोपटी की डोळ्यांना खरी वाटू नये. झाड होतं तिथंच होतं. त्याच्या पायाशी आता कडा नव्हता. मऊ, तिरका, हिरव्या तुऱ्यांचा उतार थेट पाण्यापर्यंत गेला होता. इतका सावकाश की म्हातारं माणूस हाताला धरायला कुणी नसतानाही उतरू शकेल.

एका संध्याकाळी बाया घरी गेल्यावर ती उतरली. एक पाऊल, दुसरं पाऊल, वाळ्याचे ठोंब चुकवत, लुगडं घोट्यावर धरून. वीस वर्षांपूर्वी धुणं सुटलं, त्यानंतर ती ह्या पाण्याजवळ आली नव्हती. पलीकडच्या काठावर बांबूमागे भिकाजी उभा असावा. एका डोळ्याला जेवढं दिसतं तेवढं बघत असावा. तिनं तिकडे पाहिलं नाही. हाकही दिली नाही.

पाणी घोटाभर होतं. निवळ होतं म्हणता येणार नाही, पण तळाचे दगड दिसत होते. मावळतीचा केशरी रंग त्यावर पडत होता, थरथरत होता, जागच्या जागी राहत होता, आणि त्याच्याखालून पाणी निघून जात होतं.

ती वाकली. माघात ओंजळभर माती घ्यायला आलेले हात तिनं पाण्यात ठेवले, उताणे, सैल, एकमेकांना लागून, काही उचलायचं नसलेले, काही द्यायचंही नसलेले. काही बोलावं असं वाटलं. नाव नव्हतं, म्हणून हाक नव्हती. पाणी गार होतं की नव्हतं, तिला सांगता आलं नसतं. ते तिच्या हातांपाशी आलं, दुभंगलं, बोटांमधून गेलं, हातांपुढे पुन्हा जुळलं, आणि वळणाकडे चालू लागलं, सावकाश, सावकाश, मागे न बघता.